दिव्याचा रंग निवडताना रोप बाटलीबाहेर पाहा

पलूस, कुंडल, भिलवडी, रामानंदनगर या पट्ट्यात ऊस-केळीची रोपवाटिका चालवणारे, बाटलीतली रोपं आणून शेडनेटखाली वाढवून विकणारे, आणि शिक्षण संपवून स्वतःची छोटी टिश्यूकल्चर लॅब काढायच्या विचारात असलेले तरुण-तरुणी, या सगळ्यांना उद्देशून हे लिहितो आहे. ती रोपं विकत घेऊन रानात लावणाऱ्या शेतकरी बंधू-भगिनींनीही वाचावं, कारण शेवटी पैसा त्यांचा लागतो. विषय आहे लॅबमधल्या एलईडी दिव्यांच्या रंगाचा. लाल-निळे दिवे लावले की रोप झपाट्यानं वाढतं, असं सांगत विक्रेते फिरतात. रंगाचा परिणाम होतो हे खरं आहे, शास्त्रानं सिद्ध केलेलं आहे. पण बाटलीतली वाढ बघून दिवे विकत घेऊ नका. बाटलीतून काढल्यावर महिनाभरानं किती रोपं जगली, त्यावरून दिवे ठरवा. माझं मागणं एवढंच आहे. ते का, हे आता सविस्तर सांगतो.

आधी बाटलीतलं रोप कशावर जगतं ते बघू. तोशिओ मुराशिगे आणि फोल्के स्कूग या दोघांनी अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात तंबाखूवर काम करताना एक पोषक माध्यम बसवलं आणि १९६२ साली ते प्रसिद्ध केलं. थोड्याफार फरकानं तेच माध्यम आज आपल्या उसाच्या आणि केळीच्या बाटलीत असतं. त्यात क्षार असतात, जीवनसत्त्वं असतात, फुटवे आणि मुळं आणणारी संप्रेरकं असतात, घट्टपणासाठी अगार असतो आणि लिटरमागं साधारण ३० ग्रॅम साखर असते. ही साखर महत्त्वाची. रानातला ऊस उन्हावर स्वतःची साखर करतो, बाटलीतल्या रोपाला ती आयती मिळते. म्हणून बाटलीत प्रकाश हा रोपाला अन्नापेक्षा जास्त करून इशारा म्हणून लागतो. कसं वाढायचं, उंच व्हायचं की बसकं राहायचं, पान पातळ ठेवायचं की जाड, हे रोप प्रकाशाच्या रंगावरून ठरवतं.

हे आपल्या रानात रोज दिसतं. ऑगस्टमध्ये उसाची सावली पडली की सरीतलं तण कसं लांबडं, फिकट आणि नाजूक होतं, आठवा. वरच्या पानांनी लाल प्रकाश खाऊन टाकलेला असतो. खाली येतो तो लालच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा अतिलाल प्रकाश. तणाला त्यावरून कळतं की डोक्यावर कुणीतरी आहे, आणि ते उजेड गाठण्यासाठी कांड्या लांबवतं. १९५२ साली अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथल्या शास्त्रज्ञांनी लेट्यूसच्या बियांवर हेच दाखवलं. लाल प्रकाश दिला की बी उगवतं, त्यावर लगेच अतिलाल दिला की उगवायचं थांबतं, पुन्हा लाल दिला की पुन्हा उगवतं. वनस्पतीतलं जे रंगद्रव्य हे ओळखतं त्याला फायटोक्रोम म्हणतात. निळा प्रकाश ओळखणारी रंगद्रव्यं वेगळी आहेत. लाल आणि निळा यांची कामं रोपात वेगवेगळी चालतात ती यामुळे.

आता दोन बाटल्या हातात घेऊन बघा. एकाच जातीच्या, एकाच दिवशी भरलेल्या, पण एक नुसत्या लाल दिव्याखाली वाढलेली आणि दुसरी निळ्याचा वाटा असलेल्या दिव्याखाली. लाल दिव्याखालची बाटली पहिल्या नजरेत भरते. रोपं उंच, झाकणाला टेकलेली, बाटली भरून आलेली. विक्रेता हीच बाटली पुढं करतो. ती उजेडाकडं धरून बारकाईनं बघा. दोन पानांमधलं अंतर वाढलेलं असतं, खोड दोऱ्यासारखं बारीक, पान अरुंद आणि पोपटी. चिमट्यानं उचललं की रोप मध्येच वाकतं. दुसऱ्या बाटलीतली रोपं तिच्यापुढं ठेंगणी दिसतात, पण खोड जाड असतं, पान रुंद आणि गर्द हिरवं असतं, आणि चिमट्यात रोप ताठ उभं राहतं. नुसता निळाही चालत नाही, त्याखाली बऱ्याच पिकांत रोप फार बसकं राहतं आणि वाढ संथ होते. दोन्हींचं मिश्रण बहुतेक पिकांना मानवतं. मात्र प्रमाण पिकागणिक, जातीगणिक आणि टप्प्यागणिक बदलतं.

स्ट्रॉबेरीचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे, कारण महाबळेश्वर-पाचगणी शेजारच्याच साताऱ्यात. तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मातृरोपं अजून बऱ्याच अंशी परदेशातून आणावी लागतात. व्हिएतनामचे शास्त्रज्ञ झुओंग तान न्युत आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी २००३ मध्ये बाटलीतल्या स्ट्रॉबेरीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांना सर्वांत चांगला परिणाम ७० टक्के लाल आणि ३० टक्के निळ्या प्रकाशाखाली मिळाला. न्युत यांच्याच केळीवरच्या कामात ८० टक्के लाल आणि २० टक्के निळा हे प्रमाण सरस ठरलं. स्ट्रॉबेरीच्या प्रयोगातली मला सगळ्यांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे त्यांनी रोपं बाटलीत मोजून काम संपवलं नाही. ती मातीत लावली आणि मातीत कशी वाढतात ते पाहिलं. आपण नेमकं हेच करत नाही.

बाटलीतून बाहेर येण्याचा क्षण रोपाच्या आयुष्यातला सगळ्यांत कठीण असतो. आत हवेतली आर्द्रता जवळजवळ १०० टक्के असते. पाणी उडून जायची भीती नसल्यानं पानावर मेणाचा थर नीट बसत नाही. पानाची रंध्रं सताड उघडी राहतात आणि वेळेला मिटत नाहीत. साखर आयती मिळत असल्यानं पानाला स्वतः अन्न करायची सवय नसते. अशा रोपाला तुम्ही मार्च-एप्रिलच्या पलूसच्या कोरड्या वाऱ्यात शेडनेटखाली आणता. दुपारी पारा चाळिशीकडं सरकतो आणि सकाळी टवटवीत असलेलं रोप चारच्या सुमाराला मान टाकतं. ज्याचं खोड बारीक आणि पान पातळ ते आधी जातं. निळ्या प्रकाशाचं महत्त्व इथं आहे. पर्णरंध्रांची उघडझाप चालवण्यात निळ्या प्रकाशाचा हात असतो, आणि अनेक पिकांत पान जाड होण्यात व हरितद्रव्य वाढण्यातही. म्हणजे बाटलीत ज्यानं रोपाची उंची थोडी कमी केली, त्याच रंगानं बाहेर त्याला तगवलं. हा फायदा बाटलीकडं बघून कळत नाही, प्रोट्रेमधल्या जिवंत रोपांची मोजणी केली तरच कळतो.

टप्प्यांविषयी थोडं. केळीचा कोंब पहिल्यांदा बाटलीत घालतो तेव्हा कापलेल्या जागेतून फिनॉल सुटतात आणि माध्यम काळं पडतं. तेव्हा सुरुवातीला अंधार किंवा अगदी मंद उजेड बरा, कोणत्याही रंगाची घाई नको. फुटवे वाढवायच्या टप्प्याला लाल-निळं मिश्रण किंवा चांगला पांढरा प्रकाश पुरतो. मुळं आणताना बऱ्याच पिकांत लाल जास्त असलेला प्रकाश कामी येतो, पण जाती-जातीत फरक पडतो. म्हणून उसाच्या को ८६०३२ या जातीला जे मानवलं ते फुले २६५ ला मानवेलच असं धरून चालू नका. शेवटचे दोनेक आठवडे, बाटली उघडण्याआधी, निळ्याचा वाटा आणि उजेडाची तीव्रता दोन्ही हळूहळू वाढवावी. माझ्या मते आपल्याकडच्या लॅबनी दुसरं काही नाही केलं तरी हे एक करावं. त्यासाठी सगळी खोली बदलावी लागत नाही, एखादा रॅक पुरतो.

आता ज्या चुकीमुळं चांगले दिवे घेऊनही रोपं वाया जातात, ती सांगतो. आपल्याकडं उजेड लक्स मीटरनं मोजतात. ग्रोथ रूममध्ये दोन-तीन हजार लक्स हवेत हे सगळ्यांना पाठ आहे. पण लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं आहे. आपला डोळा हिरव्या-पिवळ्या रंगाला सर्वांत जास्त दाद देतो, गडद लाल आणि निळ्याला फार कमी. रोपाचा हिशेब निराळा. त्याला दर सेकंदाला चौरस मीटरवर किती प्रकाशकण पडले याच्याशी मतलब, आणि ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. पांढऱ्या ट्यूबखाली ३००० लक्स म्हणजे साधारण ४० मायक्रोमोल. तेवढेच ४० मायक्रोमोल जर ६६० नॅनोमीटरच्या लाल आणि ४५० नॅनोमीटरच्या निळ्या दिव्यांतून आले, तर लक्स मीटर जेमतेम ३०० च्या आसपास दाखवतो. उजेड तेवढाच, आकडा दहावा हिस्सा. आता कुणी काटा ३००० वर न्यायचा म्हणून जांभळे दिवे वाढवत गेलं, तर रोपांवर दहापट मारा होतो. पानं पांढुरकी पडतात, करपतात, आणि दोष माध्यमाला किंवा जातीला दिला जातो. लाल-निळे दिवे घेणार असाल तर प्रकाशकण मोजणारा मीटर, ज्याला पार मीटर किंवा क्वांटम मीटर म्हणतात, त्याशिवाय घेऊ नका. मीटर महाग वाटला तर चार-पाच लॅबनी मिळून एक घ्या, किंवा जवळच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत विचारा. मोजायचं ते बाटलीच्या उंचीवर, आणि रॅकच्या मध्यावर तसंच चारही कोपऱ्यांवर. कोपऱ्यात उजेड मध्याच्या निम्म्यावर आलेला सहज सापडतो. मग कोपऱ्यातल्या आणि मधल्या बाटल्यांची आठवड्याला अदलाबदल करायची.

ज्यांना हा सगळा खटाटोप नको असेल त्यांनी साधा पांढरा एलईडी घ्यावा, आणि त्यात कमीपणा मानू नये. निळी एलईडी बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या दुकानात मिळणारी पांढरी एलईडी ही मुळात त्यांचीच निळी एलईडी आहे. तिच्यावर पिवळा लेप दिलेला असतो, आणि निळ्याचा काही भाग त्या लेपातून पिवळा-लाल होऊन बाहेर पडतो. खोक्यावर केल्विनमध्ये जो आकडा छापलेला असतो तो त्या रंगाचाच. ६५०० केल्विनच्या थंड पांढऱ्या दिव्यात निळ्याचा वाटा साधारण एक चतुर्थांश असतो, ४००० च्या आसपास एक पंचमांश, आणि ३००० च्या पिवळसर दिव्यात एक दशांश. म्हणजे पलूसच्या बाजारपेठेतल्या विजेच्या दुकानातूनही तुम्ही रंग निवडू शकता. एका खणात ६५०० आणि ३००० ची एकेक पट्टी लावली तरी निळ्या-लालचा समतोल बऱ्यापैकी साधतो. वर त्यात हिरवा प्रकाश असतो. हिरवा वाया जातो असं सांगितलं जातं, ते बरोबर नाही. पान हिरव्यातलाही मोठा भाग शोषून घेतं, आणि तो पानाच्या आतल्या थरांपर्यंत लाल-निळ्यापेक्षा खोल जातो.

पांढऱ्या उजेडाचा आणखी एक फायदा काम करणाऱ्या बायांना विचारा. लॅबमध्ये बाटल्या तपासायचं काम बहुतेक ठिकाणी आजूबाजूच्या गावांतल्या मुली आणि बायका करतात. त्यांची नजर हेच तुमचं पहिलं संरक्षण. कुठल्या बाटलीत बुरशीचा ठिपका आला, कुठं जिवाणूंचा दुधी थर धरला, कुठलं पान पिवळं पडलं, हे त्या झटक्यात ओळखतात. जांभळ्या उजेडात हिरवी बुरशी काळी दिसते, हिरवं पानही काळसर दिसतं, पिवळेपणा कळतच नाही. दोन दिवस उशिरा सापडलेली एक बाटली शेजारच्या दहा घेऊन जाते. शिवाय दिवसभर त्या उजेडात डोळे दुखतात, डोकं जड होतं. म्हणून लाल-निळे दिवे असले तरी खोलीत पांढऱ्या दिव्यांचं वेगळं बटण ठेवाच, आणि बाया आत असतील तेवढा वेळ पांढरा उजेडच लावा. एवढ्या वेळानं रोपाचं काही बिघडत नाही.

निळ्या प्रकाशाचा एक अवगुणही सांगायला हवा, कारण तो कुणी सांगत नाही. माध्यमातलं लोह इडीटीएला बांधलेलं असतं. निळा आणि अतिनील प्रकाश त्यावर पडत राहिला की ते मोडतं, लोह निकामी होतं आणि त्यातून मुळांना मारक असं फॉर्माल्डिहाइड तयार होतं. इंडोल अॅसेटिक आम्ल हे मुळांचं संप्रेरकही प्रकाशात नासतं. ऑटोक्लेव्ह करून ओतलेल्या माध्यमाच्या बाटल्या जागा नाही म्हणून ग्रोथ रूमच्याच रॅकवर आठ-दहा दिवस ठेवायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती आजपासून बंद करा. माध्यम अंधाऱ्या, थंड खोलीत ठेवा, नाहीतर काळं कापड झाका. याला एक रुपया लागत नाही, आणि मुळं न येण्याच्या तक्रारींतल्या काही यानंच मिटतील.

विजेचं गणित मात्र एलईडीच्या बाजूचं आहे, रंग कोणताही असो. पाच खणांचा रॅक आणि खणाला दोन ट्यूब धरू. जुनी ३६ वॅटची ट्यूब चोकसकट सुमारे ४६ वॅट खाते, म्हणजे रॅकला ४६० वॅट. त्याजागी १८ वॅटच्या एलईडी पट्ट्या घातल्या की १८० वॅट. रोज १६ तास दिवे चालले तर रॅकमागं दिवसाला जवळपास साडेचार युनिट वाचतात, वर्षाला १६०० च्या वर. वीस रॅकचे ३२,००० च्या पुढं. तुमच्या बिलातला युनिटचा दर घालून आकडा स्वतः काढा. हे झालं नुसतं दिव्यांचं. वाचलेले २८० वॅट आधी उष्णता होऊन खोलीतच पडत होते. वीस रॅकचे ते साडेपाच किलोवॅट होतात, म्हणजे दीड टनाच्या एका एसीचं काम कमी झालं. खोली २५ अंशांवर ठेवायची असते, आणि मे महिन्यात ती तशी ठेवणं आपल्याकडं काय असतं ते बिल भरणाऱ्याला माहीत आहे. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर दिवे चालवणंही आवाक्यात येतं. फक्त एक बघा. एलईडीची उष्णता पुढं न येता पाठीकडून निघते. पट्टी वरच्या खणाच्या फळीला चिकटवली तर वरच्या बाटल्या बुडातून तापतात, आत पाणी सुटतं आणि रोपं काचेसारखी पारदर्शक, पाणथळ होतात. पट्टी आणि फळीत बोटभर तरी अंतर सोडा. किर्लोस्करवाडीच्या पंचक्रोशीत असा रॅक वेल्ड करून देणारा कारागीर शोधावा लागत नाही.

विक्रेता आला की त्याला चार गोष्टी विचारा. लाल आणि निळा नेमका किती नॅनोमीटरचा. बाटलीच्या उंचीवर किती मायक्रोमोल पडतात. पट्टी प्रत्यक्षात किती वॅट ओढते. आणि दमट खोलीत ड्रायव्हर किती काळ टिकेल, त्याची लेखी हमी आहे का. उत्तरात नुसतं 'फुल स्पेक्ट्रम आहे' असं आलं तर व्यवहार पुढं ढकला. आणि उत्तरं बरोबर आली तरी सगळी खोली एकदम बदलू नका. एक रॅक मागा, भाड्यानं घ्या, नाहीतर विकत घ्या, आणि चाचणी करा.

चाचणी अशी. जात एक, पिढी एक, माध्यमाचा घाणा एक, भरायचा दिवस एक, शक्य झालं तर भरणारी बाईही एकच. फक्त उजेड वेगळा. प्रत्येक उजेडाखाली निदान तीस बाटल्या, आणि मध्ये काळा पडदा, नाहीतर शेजारचा उजेड सांडून सगळं मोजमाप फुकट जातं. उजेडाची तीव्रता सगळीकडं सारखी आहे हे मीटरनं बघून घ्या, नाहीतर फरक रंगाचा की कमी-जास्त उजेडाचा, ते कधीच कळणार नाही. बाटलीमागं फुटवे किती, उंची किती, मुळं किती, हे लिहा. आणि मग सगळ्या रोपांना वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण बांधून एकाच शेडमध्ये, एकाच कोकोपीटमध्ये लावा. दहाव्या, विसाव्या, तिसाव्या दिवशी जिवंत रोपं मोजा. सबंध वहीत सर्वांत मोठ्या अक्षरात लिहायचा आकडा तो तिसाव्या दिवसाचा. अशी चाचणी एकदा हिवाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात करा. आपल्याकडं हिवाळ्यातली हवा आणि उन्हाळ्यातली हवा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि हिवाळ्यात निभावलेलं रोप एप्रिलमध्ये निभावेलच असं नाही.

आता शेतकऱ्यांना. 'एलईडीवर वाढवलेली रोपं' म्हणून कुणी रुपया-दोन रुपये जास्त मागितले तर देऊ नका. रंगाचा फायदा झाला असेल तर तो रोपात दिसलाच पाहिजे. रोप पिशवीतून उपसून बघा. मुळं पांढरी आणि कोकोपीटला सगळीकडून धरलेली हवीत. खोड बुडाशी जाड हवं. सगळी रोपं जवळपास एका उंचीची हवीत. केळीच्या रोपांत पानावर पट्टे, चट्टे किंवा गुच्छासारखी पानं असली तर ती रोपं बाजूला काढायला लावा. आणि दिव्यापेक्षा कितीतरी महत्त्वाची गोष्ट विचारा ती रोगमुक्तीची. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानं टिश्यूकल्चर रोपांसाठी २००६ पासून प्रमाणीकरणाची पद्धत आणली आहे. मान्यता मिळालेल्या लॅबच्या रोपांची विषाणूंसाठी आणि जातीच्या शुद्धतेसाठी तपासणी होते आणि त्या लॉटला प्रमाणपत्राचं लेबल मिळतं. ते लेबल बघायला मागा. मोझॅक किंवा गवताळ वाढ आत घेऊन आलेल्या मातृऊसाला जगातला कोणताही रंग बरा करत नाही. उलट लॅब त्याच्या हजारो प्रती काढून देते.

ऊसवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. टिश्यूकल्चर उसाचं रोप हे गाळपाच्या उसासाठी नाही, बेण्यासाठी आहे. पहिल्या वर्षी त्याला फुटवे भरपूर येतात आणि ऊस थोडा बारीक राहतो, ते साहजिक आहे. मांजरीची ऊस संशोधन संस्था १९७५ मध्ये सहकारी कारखान्यांनी उभी केली आणि पुढं तिला आपल्या सांगलीच्या वसंतदादांचं नाव मिळालं. तिथून मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित असा तीन टप्प्यांचा बेणेमळ्याचा मार्ग सांगितला जातो, तो याचसाठी. साडेचार फूट सरीत दोन फुटांवर रोप लावलं तर एकरी ४८०० च्या आसपास रोपं लागतात. एवढा खर्च दर लागणीला करायचा नाही. दहा-वीस गुंठ्यांचा बेणेमळा स्वतःचा करा किंवा चौघांनी मिळून करा, त्यातलं बेणं तीन-चार वर्षं वापरा आणि मग बदला.

आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये. त्यासाठी रोपं बाटलीतून बाहेर येतात ती ऐन उन्हाळ्यात, म्हणजे सगळ्यांत जास्त मर होते त्याच दिवसांत. म्हणून दिव्यांची चाचणी पावसाळा संपल्यावर सुरू करावी, म्हणजे पहिला आकडा हिवाळ्यात आणि दुसरा एप्रिलमध्ये हाती येईल आणि पुढच्या हंगामाला दिवे बदलायचे की नाही हे ठरवता येईल. रोपवाटिकावाल्यांनी ते आकडे लपवून ठेवू नयेत. एकाची लॅब कुंडलला आणि दुसऱ्याची शेड भिलवडीला, हवा एकच आहे, जातीही त्याच आहेत. एकानं उन्हाळ्यात केलेली मोजणी दुसऱ्याचा एक हंगाम वाचवते. आणि शेतकऱ्यांनी रोपं लावून महिना झाला की नांग्या किती पडल्या ते मोजून, लॉट नंबरासकट, रोपवाटिकेला कळवावं. लॅबवाल्याला त्याच्या खोलीत बसून तो आकडा कधीच मिळत नाही. तुम्ही एक फोन केलात तर मिळेल.